उजवीकडची मोकळी जागा

सरांच्या उजवीकडून चालायचं नाही, हा आमच्या पॉलिटेक्निकमधला पहिला नियम. तो कुठल्या फलकावर लिहिलेला नव्हता, पण पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना पाठ व्हायचा. कुणीतरी नवं पोरगं काही विचारायला त्यांच्या उजव्या अंगाला जायचं, सर जागच्या जागी थांबायचे आणि मवाळ आवाजात म्हणायचे, "मागून ये बाबा. इकडं जागा न्हाई." आणि इकडं तर आख्खा व्हरांडा मोकळा पडलेला असायचा. स्वतः ते डाव्या भिंतीला इतके चिकटून चालायचे, की त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या बाहीवर चुन्याचा पट्टा उमटलेला असे. उजवा हात कमरेच्या उंचीवर, किंचित पुढे. बोटं अर्धी मिटलेली, काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

पोरं मागून त्यांची नक्कल करायची. मीही करायची. माझी नक्कल सगळ्यांत हुबेहूब व्हायची. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा त्या नकलेवर मी कँटीनमध्ये भरपूर भाव खाल्ला.

आता मी पुण्याकडे एका ऑफिसात गाड्यांच्या मागच्या एक्सलची डिझाईनं करते. दुपारी जेवणानंतर संगणकाच्या पडद्यावर ती दातेरी चाकं हळूहळू फिरवत बसलं की डोळे जड होतात, आणि त्या अर्धवट गुंगीत मला हिंगोलीतला तो व्हरांडा दिसतो. लांबच लांब. खांबांच्या सावल्या पडलेल्या, आणि त्या सावल्यांतून एक माणूस हात पुढे धरून चाललेला. त्याला कसलीच घाई नाही. त्याच्या उजवीकडे कुणीतरी आहे असं मला स्वप्नात पक्कं ठाऊक असतं, पण दिसत कुणीच नाही.

सर आम्हाला मशीन डिझाईन शिकवायचे. राहायचे नरसीला, नामदेवांच्या गावात, आणि रोज जीपने हिंगोलीला यायचे. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. नावाऐवजी ते प्रत्येकाला दातांचा आकडा द्यायचे. तोंडातल्या दातांचा नव्हे, गिअरच्या. कमी दातांचं चाक गरगर फिरतं पण त्याच्यात जोर बेताचा, जास्त दातांचं सावकाश फिरतं आणि ओझं ओढतं. आमचे प्राचार्य बारा होते. "बाराकडं सही राहिली" असं सर कागद हातात घेऊन अगदी सहज म्हणायचे, तेही प्राचार्यांच्या शिपायासमोर. कँटीनचा चहावाला छत्तीस. माझ्या वर्गातला एक गोरागोमटा, सतत केस सारखे करणारा मुलगा नऊ होता, आणि त्याला त्याचं तीन वर्षं वाईट वाटत राहिलं. मी सोळा. का सोळा, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आजून मोजून राहिलो."

फळा पुसायला ते डस्टर घेत नसत, उजवी बाही वापरत. म्हणजे डाव्या बाहीला भिंतीचा चुना आणि उजव्या बाहीला खडू. संध्याकाळच्या जीपमध्ये ते चढायचे तेव्हा पिठाच्या गिरणीतून सुटलेला माणूस वाटायचे.

मी सेनगाव तालुक्यातली. आम्ही धनगर. बाबांची मेंढरं होती, अजून आहेत. कॉलेजात मात्र मेंढरांचा विषय काढायचा नाही असं मी पहिल्या दिवशीच स्वतःला बजावलं होतं. आधीच मेकॅनिकलला आम्ही तीनच मुली, त्यात वर्कशॉपमध्ये कुणी "बें" केलं असतं तर मी हातातली कानस त्याच्या डोक्यात घातली असती. डोकं माझं लहानपणापासून तापट आहे.

ज्या दिवशी डिफरन्शियल शिकवायचं होतं त्या दिवशी सर वर्गात आले आणि म्हणाले, "पुस्तकं मिटा. भाईर चला."

वर्कशॉपच्या मागे एक कडुनिंब होता. सरांनी मांडवाचा एक लांब बांबू आणवला. आम्हा सहा जणांना एका ओळीत उभं केलं, बांबू छातीशी आडवा धरायला लावला आणि त्या निंबाला वळसा घालायला सांगितलं. अट एकच, कुणी बांबू सोडायचा नाही. झाडाशी नऊ होता. तो जागच्या जागी पाय आपटत राहिला. मी बाहेरच्या टोकाला, मला पळावं लागलं. दोन फेऱ्यांत माझा जीव कासावीस झाला, वर्कशॉपच्या खिडक्यांतून शिट्ट्या सुरू झाल्या, आणि नऊ तिकडे आरामात केस सारखे करत होता.

"गाडी वळती तवा मागच्या दोन चाकांचं आसंच होतं," सर म्हणाले. "भाईरच्याला जास्त जायाचं आसतं, आतल्याला कमी. दोघांला एकाच दांड्यावर ठोकून बसवलं तर एक जण फरपटतो. मग करायचं काय?"

 मला धाप लागलेली, राग आलेला, आणि रागात माझ्या तोंडून घरची भाषा निघून गेली. "सर, मेंढरांचं बी आसंच आसतं."

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते दोन पावलं जवळ आले. "काय आसतं?"

"कळप वळवताना आतलं मेंढरू दोन घास खात हुबं राहतं. भाईरचं पळतं."

"आन् मधलं?"

मी डोळे मिटले. आमचा माळ दिसला, बाबांची हाळी ऐकू आली, कळपाची ती पांढरी-काळी वाकळ माळावर हळूच दुमडताना दिसली. "मधलं आपल्या चालीनंच चालतं सर," मी म्हणाले. "त्याला तर ठाऊकच नसतं कळप वळून राहिला म्हून."

सर तिथेच मातीत बसले. चांगले कपडे, चुना-खडूसकट, मांडी घालून. बराच वेळ त्या निंबाच्या बुंध्याकडे बघत होते. "मधल्याला ठाऊकच नसतं," ते म्हणाले. "पुस्तकानं याला अडीच पानं घेतली."

मग त्यांनी काडीने मातीत काढून दाखवलं. इंजिनाचा जोर मधल्या डब्याला येतो, तोच डिफरन्शियल. डब्याच्या आत, दोन्ही चाकांच्या दांड्यांवर एकेक गिअर असतो, आणि त्यांच्या मधे असतात छोटे गिअर, त्यांना तारे म्हणतात. आतल्या चाकाचं जेवढं कमी होतं तेवढंच बाहेरच्याचं वाढतं, मधल्याची चाल तीच राहते. "सरळ रस्त्यावर ताऱ्याला काही काम नसतं," सर सांगत होते, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, "तो नुसता संग जातो. वळण आलं की मग तो स्वतःभोवती फिरतो. एकाचं घेतो, दुसऱ्याला देतो."

खिडक्यांतल्या शिट्ट्या कधीच थांबल्या होत्या. मातीतली ती चार वर्तुळं मला इतकी सुंदर वाटली की त्यांच्यावर पाय देऊन वर्गात परत जाणं जिवावर आलं. त्या दिवसानंतर मला कॉलेजात मेंढरांची लाज कधी वाटली नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मला आणि नऊला त्यांनी एकत्र दिलं. विषय, हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलचं डिफरन्शियल. "मापं घ्यायला घरी या," एवढंच म्हणाले.

एका रविवारी आम्ही दोघं नरसीला उतरलो आणि फुलं-प्रसादाच्या दुकानांवरून पुढे गल्लीत शिरलो, तर समोरून सर येत होते. त्यांच्या उजवीकडे तीनचाकी सायकल होती, अपंगांना शिबिरात मिळते तसली. पुढे एक चाक, मागे दोन, मधे खुर्ची, छातीशी हाताने फिरवायचा दांडा. तीत एक बाई बसलेल्या, आणि सरांचा उजवा हात खुर्चीच्या डाव्या नळीवर होता. कमरेच्या उंचीवर, किंचित पुढे, बोटं अर्धी मिटलेली.

नऊने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तीन वर्षं आम्ही ज्या रिकाम्या हाताला हसलो तो रिकामा नव्हता. मी ती नक्कल पुन्हा कधी केली नाही, आणि कुणी केली तर त्याला सोडलंही नाही.

त्या काकू, सरांच्या बायको. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. हात मात्र असे, की घट्ट बसलेलं बरणीचं झाकण शेजारपाजारचे लोक त्यांच्याकडे उघडायला आणायचे. हसायच्या मोठ्याने आणि सरांच्या समोर सरांची टिंगल करायच्या. सर चहा करायला आत गेले तेव्हा त्यांनी मला गाडी समजावून सांगितली, आणि कॉलेजातल्या कुठल्याही मास्तरापेक्षा चांगली सांगितली. साखळी फक्त उजव्या चाकाला. जोर लावला की उजवं चाक पुढे पळतं, डावं नुसतं मागे येतं, आणि गाडी सारखी डावीकडे ओढते.

"म्हून हे डाव्या अंगानं ढकलून राहतात," काकू म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या वर्सी मी एकलीच निघाले व्हते. हे परीक्षेच्या ड्युटीवर. वळणावर गाडी गेली नालीत, हे हाड मोडलं." त्यांनी गळ्याखालचं हाड दाखवलं. "तवापासून चौदा वर्सं झाली, एकलीला कुठं सोडलं न्हाई. हे कालेजात गेले की शेजारची येऊन बसती."

"मग हे डिफरन्शियल झालं की कुठं जायचंय काकू तुम्हाला?"

"नदीवर."

कयाधू तिथून दूर नव्हती. मी म्हणाले, "नदीवर तर सर नेत असतील की."

"नेतात. बाजूला बसतात. पाण्यात काय दिसून राहिलं ते मला सांगतात." त्या हसल्या, मग हसणं थांबलं. "मला एकलीला जायचंय बाई."

"तिथं जाऊन काय करणार?"

"काईच न्हाई," काकू म्हणाल्या. ते त्यांनी असं म्हटलं जसं कुणी मोठ्या जत्रेचं नाव घ्यावं.

मी माळावर वाढलेली. दिवसच्या दिवस मी, मेंढरं आणि आभाळ. एकटं असणं ही मला इतकी फुकटची गोष्ट वाटायची की तिचा कंटाळा यायचा. कुणाला चौदा वर्षांत ती तासभरही मिळाली नसेल, आणि तीही कुणाच्या दुष्टपणामुळे नाही, मायेमुळे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला त्या क्षणी सरांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. दोन्हींतलं जास्त काय होतं, ते अजून सांगता येत नाही.

काकूंनी गाडी मागे सरकवून एक पत्र्याची पेटी उघडली. आत सात वह्या होत्या. "लग्नाच्या दुसऱ्या वर्सापासून हेच चालू हाय. बघ, तुला कळंल."

मला कळलं. प्रत्येक वहीत त्याच गाडीच्या डिफरन्शियलचं सगळं डिझाईन होतं, आकृतीपासून शेवटच्या खिळीपर्यंत. गणित एक जागी चुकलेलं नाही. मग आकडे पहिल्यापासून पाहिले तेव्हा लक्षात आलं. आमच्या धंद्यात एक आकडा असतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी. भाग जेवढं ओझं सोसेल त्याच्या निम्म्यावरच त्याला राबवायचं ठरवलं तर तो आकडा दोन. अशा गाडीला अडीच म्हणजे पुष्कळ झाला. पहिल्या वहीत सरांनी दोन धरला होता, तो खोडून तीन केला. दुसऱ्या वहीत चार. पाचव्यात सात. सातव्या वहीत दहा. आकडा वाढला की दांडे जाड होतात, गिअर मोठे होतात, डबा वजनदार होतो. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात एकच शेरा होता. "जड. तिच्या हाताने ओढणार नाही. पुन्हा."

"आकडे बराबर हायेत ना?" काकूंनी हळूच विचारलं.

"बराबर आहेत काकू."

"मंग? आकडे बराबर हायेत. माणूस भितो."

आतून कपांचा आवाज आला. मी वह्या पेटीत ठेवल्या. चहा फार गोड होता.

पुढचे तीन महिने सरांनी आमच्या बाबतीतही तेच केलं. मी अडीच धरून काढलेलं डिझाईन त्यांनी चारवर नेलं. चारचं करून दिलं तर म्हणाले, रस्ता खराब आहे, सहा धर. माझ्या अंगठ्याएवढा दांडा मनगटाएवढा झाला. वैतागून नऊ म्हणाला, "सर, रिक्षाचं जुनं डिफरन्शियल भंगारातून आणू आणि बसवू." सर त्याच्याकडे दुखावल्यासारखे बघत राहिले. "रिक्षाला इंजिन आसतं," ते म्हणाले. "हितं दोन हात हायेत."

आणि तरी त्याच दुपारी त्यांनी माझ्या कागदावरचा सहा खोडून आठ केला. माझं डोकं फिरलं. वर्कशॉपमध्ये आम्ही तिघंच होतो. मी पेन्सिल टेबलावर आपटली. "सर, हे गाडीचं डिझाईन न्हाई राहिलं. काकू पडू नये म्हून काकू जाऊच नये, आसं गणित करून राहिलात तुमी!"

 मास्तरांशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. सर उठले, दारातून बाहेर पडले, आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत मी त्यांना पाहत राहिले, डाव्या भिंतीला घासत, हात पुढे धरून. "आता आपण दोघं नापास," नऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माझ्या ड्रॉइंग बोर्डावर तो कागद होता. आठवर काट. शेजारी अडीच. खाली सही. एरवी ताठ असणारं त्यांचं अक्षर त्या सहीत लवलं होतं. कोपऱ्यात त्यांनी लॉकची एक खुंटी काढली होती. लॉक म्हणजे चिखलात अडकलं तर दोन्ही चाकं एकत्र बांधायची सोय. मी म्हणाले, "सर, हिचं वजन उगाच वाढतं. हिवाळ्यात नदीच्या वाटेला कुठला आलाय चिखल?" पाऊस गेला की जमीन दगडासारखी होते, एवढंच माझ्या माळाने मला शिकवलं होतं. सरांनी क्षणभर विचार केला आणि ती खुंटी मला खोडू दिली.

गिअर नांदेडहून दात पाडून आणले. डबा आणि दांडे आखाडा बाळापूरच्या एका लेथवाल्याने केले. त्याने ते तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "एवढुसं डिफ्रन्सल? हे कंच्या गाडीचं व्हय सर?" सर म्हणाले, "घरच्या."

जुळणी करताना मी चाकांकडच्या दोन गिअरचे दात मोजले. सोळा आणि सोळा, माझाच आकडा. मग आठवलं, सातही वह्यांत सगळे आकडे बदलले होते, हा एक बदलला नव्हता. मी मान वर केली.

"दोन्ही बाजूंचे सारखेच लागतात," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक ती. दुसरा लई दिवस रिकामा व्हता."

त्यांना लेकरू नाही हे काकूंनी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी खाली बघून नट आवळत राहिले. थोड्या वेळाने विचारलं, "आन् तुमी सर?"

"मी धा," ते म्हणाले, आणि दहा दातांचा छोटा तारा उचलून आत बसवला.

माघातली दुपार होती. ऊन असं की अंगावर घेऊन झोपावं. हरभरे घाट्यांवर आलेले, गहू पोटरीत, आणि सगळ्या शिवारात कुठूनतरी पाण्याचा झुळझुळ आवाज. काकूंनी नवं पातळ नेसलं होतं. गल्लीत दोन-तीनदा गाडी गोल फिरवून पाहिली. ती डावीकडे ओढेना. ज्या बाजूला वळवावी तिकडे लोण्यातून सुरी जावी तशी वळायला लागली. काकू नुसत्या वळत राहिल्या.

मग नदीच्या वाटेला लागलो. गावाबाहेर एक चिंच आहे, तिथून वाट खाली उतरत दोन वळणं घेते आणि पुढे पाणी चमकताना दिसतं. चिंचेपाशी काकूंनी गाडी थांबवली.

"हितं थांबायचं," त्या सरांना म्हणाल्या. "पुढं यायचं न्हाई. काई बी झालं तरी."

"काई बी म्हंजे?" सरांनी विचारलं.

"काई बी."

सरांनी नळीवरचा हात काढला. काढला म्हणजे बोटं एकेक करून सोडवली. गाडी निघाली. पहिलं वळण तिने असं घेतलं की नऊने टाळी वाजवली. बाहेरचं चाक पळत होतं, आतलं दोन घास खात होतं, आणि मधे बसलेल्या काकू आपल्या चालीने चालल्या होत्या. मला हसू आलं आणि रडूही.

दुसऱ्या वळणावर गाडी थांबली.

डाव्या हाताला गव्हाचं रान होतं. कुणीतरी पाणी धरलं होतं आणि पाण्याचा दांड फुटून ते वाटेच्या काठावर पसरलं होतं. काळी माती. डावं चाक तिच्यात उतरलं होतं. काकूंनी दांडा फिरवला तसं डावं चाक गरगर फिरलं, चिखल उडाला, आणि उजवं, कोरड्या खडकावरचं उजवं चाक, जागचं हललं नाही. डिफरन्शियलमध्ये असंच होतं. एक चाक निसटलं की सगळी चाल त्याच्याकडे पळते आणि ज्याच्या पायाखाली घट्ट जमीन आहे ते उभं राहतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. यासाठीच लॉक असतो. आणि तो मी खोडला होता. माळावरच्या पोरीला गव्हाला पाणी धरतात हे आठवलं नव्हतं.

"सर, माझी चूक," मी म्हणाले आणि पळायला निघाले. माझ्या मनगटावर पकड बसली. सरांचा उजवा हात. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ हलत होते, पण हात सोडत नव्हता.

"थांबायचं म्हणाली ती," सर म्हणाले. "काई बी झालं तरी म्हणाली."

खाली चाक फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. गाडी डावीकडे कलायला लागली. सरांची बोटं माझ्या मनगटात रुतली. ते उभे होते आणि तरी सगळं अंग खाली पळत होतं. इतकं कठीण काम करताना मी माणसाला कधी पाहिलं नाही.

मग काकू डावीकडे वाकल्या. एक हात दांड्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या गरगरणाऱ्या चाकावर टेकवला. घट्ट धरलं नाही, नुसतं आवरलं. चाक मंदावलं. आणि एवढा वेळ मख्खासारखं उभं असलेलं उजवं चाक हळूच, झोपेतून उठल्यासारखं, खडकावर चढलं. गाडी बाहेर आली. काकूंनी मागे पाहिलं नाही. वळणाआड पातळाचा पदर दिसला, आणि मग नुसती वाट.

सरांनी माझं मनगट सोडलं. चिंचेखाली बसले. आम्हीही बसलो.  तासभर नऊने केसांना हात लावला नाही. सर उजवा हात कधी मांडीवर ठेवत, कधी गुडघ्यावर, कधी काखेत घालत. त्याला कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं.

काकू आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. कोपरापर्यंत चिखल, चेहरा धुतलेला, पदर ओला. सर उठले. "काय पाह्यलं?" विचारणार होते बहुतेक. पण विचारलं ते असं, "कसं सुचलं तुला?"

"त्यात काय सुचायचं?" काकू म्हणाल्या. "जे उगं फिरून राहतं त्याला जरा हात लावायचा, म्हंजे दुसरं चालाया लागतं. घरी चौदा वर्सं तेच करून राहिले."

सर हसले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. परतताना ते गाडीच्या मागे चालले. नळीला हात न लावता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी व्हरांड्यात त्यांची वाट पाहत उभी राहिले. ते आले, डाव्या भिंतीला धरून, सवयीने. मी पुढे झाले आणि मुद्दाम त्यांच्या उजवीकडून चालायला लागले.  पोरं जिथल्या तिथे थांबली.

सर थांबले नाहीत. आम्ही तसेच चालत राहिलो. व्हरांड्याच्या टोकाला डावीकडे वळायचं होतं, आणि मी बाहेरच्या बाजूला होते. तिथे सर थोडे हळू झाले.